काचेवरचे डोंगर : व्हित्तोरियो सेला

मराठी पानासाठी प्रत्येकाने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायचे असे ठरले, तेव्हा शिवाजी महाराजांसाठी तिघांनी आणि तानाजींसाठी एकाने आधीच नाव दिले होते. मी सेला हे नाव सांगितले. आपले गणिताचे सर मराठी असल्यामुळे हे पान तेच पाहतात. त्यांना वाटले मी अरुणाचलातल्या सेला खिंडीवर, म्हणजे १९६२ च्या युद्धावर लिहिणार आहे. मेसमध्ये सांगितले तर मित्रांना तो तांदूळ वाटला. म्हणून आधीच सांगतो, हा सेला इटलीतला. त्याने डोंगर चढले आणि डोंगरांचे फोटो काढले, आणि हे सगळे विजेरीवर चालणारा कॅमेरा नव्हता त्या काळात.

मला त्याच्यापर्यंत माझ्या स्वतःच्या खराब फोटोंनी नेले. नोव्हेंबरात आमच्या इयत्तेचे प्रस्तरारोहणाचे शिबिर बेंगळुरूजवळ रामनगरला झाले. तिथले ग्रॅनाइटचे कातळ सगळ्यांनी ‘शोले’मध्ये पाहिलेले आहेत, त्यामुळे बसमधून उतरल्यापासून निम्मी पलटण गब्बर झालेली होती. फोटो काढण्याचे काम माझ्याकडे होते. शाळेचा कॅमेरा गळ्यात, आणि मी स्वतःला फार मोठा समजत होतो.

तिसऱ्या दिवशी माझा बडी चढला. त्याचे नाव इथे लिहू नको असे त्याने सांगितले आहे. त्याला उंचीची भीती वाटते हे आमच्या हाऊसमध्ये सगळ्यांना माहीत आहे. आधीच्या दोन दिवसांत तो दोनदा हार्नेस बांधून खडकापर्यंत गेला आणि परत आला होता. त्या दिवशी उस्तादांनी त्याला काही न बोलता दोर लावला आणि तो चढत गेला, थेट वरच्या बोल्टपर्यंत. त्याचे वडील उंचावरच्या एका चौकीवर तैनात आहेत. त्यांनी फोनवर मुद्दाम सांगितले होते, चढतानाचा एक फोटो पाठव. मी खाली उभा राहून बटण दाबून धरले. एकशे चाळीस फोटो निघाले.

संध्याकाळी प्रेपच्या आधी ते संगणकावर उघडले. एकातही त्याचा चेहरा स्पष्ट नव्हता. कॅमेऱ्याने आपोआप जवळची वस्तू पकडली होती, आणि जवळची वस्तू म्हणजे त्याच्यापुढून खाली येणारा दोर. दोराचा प्रत्येक धागा मोजता येत होता. त्याच्यामागे एक निळसर डाग होता, तो माझा बडी. बाकीच्या फोटोंत त्याच्या बुटांचे तळवे आणि पँटची मागची बाजू. खालचे वरचे काहीच फोटोत न घेतल्यामुळे तो दहा फुटांवर आहे की शंभर, हेही कळत नव्हते. काही फोटोंत मी कॅमेरा तिरका धरला होता, म्हणजे खडक जास्त उभा दिसेल. ती सरळ फसवणूक होती आणि झाडाच्या खोडावरून ती लगेच पकडली जात होती. बडीने सगळे फोटो पाहिले, चालेल म्हणाला, आणि वडिलांना एकही पाठवला नाही. शिबिर संपलेले होते.

त्या आठवड्यात मी लायब्ररीत हिमालयावरचे एक जाड पुस्तक उघडून बसलो होतो. त्यात पूर्ण पानभर एक काळापांढरा फोटो होता. एक प्रचंड हिमनदी, तिच्या दोन्ही बाजूंना कडे, आणि मध्ये तीन-चार काळे ठिपके. मला छपाईचा दोष वाटला. प्रयोगशाळेतले भिंग आणून पाहिले तर ती माणसे होती, आणि एकाच्या हातात काठी होती. खाली साल होते १९०९, आणि नाव होते व्हित्तोरियो सेला. माझा कॅमेरा त्याच्याहून शंभरेक वर्षांनी नवा होता. मला राग आला, आणि त्या रागातच मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

व्हित्तोरियोचा जन्म २८ ऑगस्ट १८५९ रोजी उत्तर इटलीत बिएला या गावी झाला. बिएला हे लोकरीच्या कापडाचे गाव, आल्प्सच्या अगदी पायथ्याशी. त्याचे वडील जुझेप्पे व्हेनान्झिओ सेला यांचा कापडाचा व्यवसाय होता, पण त्यांना रसायनशास्त्राचा नाद. १८५६ साली, म्हणजे व्हित्तोरियो जन्मायच्या आधीच, त्यांनी छायाचित्रणाच्या तंत्रावर पुस्तक लिहिले होते. इटालियन भाषेतल्या त्या विषयावरच्या अगदी पहिल्या पुस्तकांत ते मोडते. काका क्विंतिनो सेला हे इटलीचे अर्थमंत्री होते आणि त्यांनी १८६३ मध्ये इटालियन अल्पाइन क्लब स्थापन केला. म्हणजे एका घरात फोटो, दुसऱ्या घरात डोंगर. मला हे वाचून जरा हेवा वाटला. आमच्या घरी बाबांची बदली दर तीन वर्षांनी, त्यामुळे आमच्या घराण्याची खासियत म्हणजे सामान बांधणे.

व्हित्तोरियो सतरा वर्षांचा व्हायच्या सुमारास वडील वारले. वडिलांकडून आलेली विद्या मात्र त्याने सोडली नाही. विशीच्या आसपास त्याने बिएलाजवळच्या मोंते मार्स या डोंगरावरून चारी दिशांचा सलग देखावा टिपण्याचा प्रयत्न केला. तेव्हाची पद्धत ऐकण्यासारखी आहे. काचेच्या तुकड्यावर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा, आणि ती सुकायच्या आत तिथेच अंधारात धुवायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. म्हणजे डोंगरमाथ्यावर कॅमेरा तर हवाच, शिवाय अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणीही हवे. वारा सुटला की तंबू उडणार, थंडी पडली की रसायन बिघडणार. दहावीच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब माझ्या बोटावर पडला होता, तो काळा डाग आठवडाभर गेला नाही. त्यामुळे या तरुणाचे हात कसे दिसत असतील याची मला चांगली कल्पना आहे.

इथून पुढे मी त्यांना अहो-जाहो करतो, कारण १८८२ च्या मार्च महिन्यात त्यांनी मॅटरहॉर्न चढला. मॅटरहॉर्न हा आल्प्समधला सुळका १८६५ मध्ये पहिल्यांदा सर झाला, आणि त्याच दिवशी उतरताना चार जण पडून मेले. त्या डोंगराचे नाव काढले की लोक गप्प होत. सेला यांनी तो भर बर्फात, १७ मार्चला, इटलीच्या बाजूने चढून स्वित्झर्लंडच्या बाजूने उतरून दाखवला. हिवाळ्यात तोवर कोणी तिथे गेलेले नव्हते. त्यांच्याबरोबर कारेल घराण्यातले वाटाडे होते. त्यांतले झाँ-आंत्वान कारेल हे १८६५ मध्ये इटलीच्या बाजूने सर्वांत आधी माथ्यावर पोहोचलेल्यांपैकी. पुढच्या काही वर्षांत मोंते रोझा, ग्रान पारादिसो अशी आणखी शिखरे सेला यांनी हिवाळ्यातच चढली. हे सगळे सांगायचे कारण एवढेच की ते आधी चढणारे होते. डोंगराच्या कुठल्या धारेवर उभे राहता येते हे त्यांना पायांनी माहीत होते.

१८८२ मध्येच त्यांनी लंडनच्या डॉलमायर कंपनीचा एक मोठा कॅमेरा घेतला. तोवर कोरड्या प्लेटा निघाल्या होत्या, त्यामुळे डोंगरावर धुण्याची कटकट गेली. पण प्लेट केवढी, तर तीस सेंटिमीटर बाय चाळीस सेंटिमीटर. आपल्या वर्गातल्या नकाशाच्या वहीहून मोठी काच. काच तीन मिलिमीटर जाड धरली आणि तिची घनता अडीच धरली तर एका प्लेटचे वजन सुमारे नऊशे ग्रॅम येते. हा हिशेब मीच केला आहे आणि सरांनी तपासला आहे. डझनभर प्लेटा म्हणजे जवळपास अकरा किलो, त्यावर कॅमेरा, त्यावर तिकाटणे. रूट मार्चच्या पिट्ठूबद्दल आपण जी कुरकुर करतो ती मी यानंतर थोडी कमी केली आहे. काच फुटू नये म्हणून त्यांनी खास पाठपिशव्या आणि जनावरांवर लादायचे खोगीर बनवून घेतले होते. गंमत म्हणजे इटालियन भाषेत सेला या शब्दाचाच अर्थ खोगीर.

आता माझ्या कामाची गोष्ट. त्या कॅमेऱ्यात मागच्या बाजूला एक दुधी काच असते. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन तिच्यात पाहतो, आणि त्याला समोरचा डोंगर उलटा दिसतो. शिखर खाली, दरी वर, उजवे ते डावे. त्या अंधुक उलट्या चित्रावर भिंग टेकवून तो फोकस जुळवतो. आधी मध्यभाग, मग कोपरे, मग जवळचा दगड. लेन्सचे छिद्र लहान केले की जवळचे आणि लांबचे दोन्ही स्पष्ट येते, पण उजेड कमी आत येतो, म्हणून झाकण जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. मग दुधी काचेच्या जागी प्लेटची पेटी सरकवायची. आणि त्या क्षणापासून छायाचित्रकाराला काहीच दिसत नाही! झाकण काढायचे, मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचे. फोटोतल्या माणसांनी तेवढा वेळ हलायचे नाही. काय आले ते प्लेट धुतल्यावर कळणार, आणि ती धुतली जाणार कित्येक दिवसांनी.

म्हणजे सगळा निर्णय आधी. हे वाचताना मला माझे एकशे चाळीस फोटो आठवले. एकाही फोटोच्या आधी मी काही ठरवलेले नव्हते. कॅमेऱ्याने दोर निवडला, कारण मी बडीचा चेहरा निवडला नव्हता. सेला यांच्याकडे दिवसाला मोजक्याच प्लेटा. त्यामुळे कॅमेरा उघडण्याच्या आधी, हा फोटो कशाचा आहे, याचे उत्तर त्यांना द्यावेच लागत असे.

त्यांचे फोटो मी पुढे संगणकावर मोठे करून पाहिले आणि वहीत आकृत्या काढल्या. उंच डोंगराच्या पायथ्याला उभे राहून वर कॅमेरा केला की पायथा फुगतो आणि शिखर बारीक होते. म्हणून ते समोरच्या एखाद्या उतारावर किंवा कमी उंचीच्या माथ्यावर चढत आणि तिथून शिखराकडे जवळजवळ समोरासमोर पाहत. एका फोटोसाठी एक अख्खा डोंगर चढायचा, तोही दुसराच. पुढे, हिमनदीवरची माणसे. ती सहज आलेली नाहीत, ती तिथे चालत गेली आणि थांबली आहेत. त्या ठिपक्यांशिवाय बर्फ किती मोठा हे कळले नसते. आणि ऊन. भर दुपारी बर्फ पांढऱ्या चादरीसारखा सपाट दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक भेग, प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. त्यांच्या कितीतरी फोटोंत ऊन एका बाजूने येते. तेवढ्यासाठी पहाटेच्या थंडीत जागा धरून बसावे लागणार, हे पाचच्या पीटीला उठणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

सलग देखाव्याचे फोटो हे त्यांचे सर्वांत अवघड काम. एका जागी कॅमेरा ठेवून तो थोडा थोडा फिरवत एकामागून एक प्लेट घ्यायची, आणि प्रत्येक प्लेटची कड पुढच्या प्लेटवर थोडी चढवायची. कॅमेरा एक अंशाने जरी कलला तरी दहाव्या प्लेटला क्षितिज घसरते. आमच्या तिरक्या फोटोंना तिथे जागाच नाही. मॅटरहॉर्नच्या माथ्यावर एकदा उभे राहून पाहा असे मी म्हणणार नाही, पण रामनगरच्या एखाद्या कातळावर वाऱ्यात तिकाटणे सरळ लावून पाहा.

मग ते जगभर फिरले. १८८९, १८९० आणि १८९६ अशा तीन वेळा कॉकेशसमध्ये. तिथे त्यांनी उश्बासारखी शिखरे टिपलीच, शिवाय स्वानेतीच्या खोऱ्यातली दगडी बुरुजांची गावे आणि तिथली माणसेही टिपली. ते फोटो पाहिले की आपल्याला गढ्या आठवतात. १८९७ मध्ये अब्रुझ्झीचे ड्यूक लुइजी अमेदेओ यांच्याबरोबर अलास्कात, जिथे सेंट एलायस हे शिखर पहिल्यांदा सर झाले. १९०६ मध्ये त्याच ड्यूकबरोबर आफ्रिकेत रुवेन्झोरीला, जिथे ढग क्वचितच हटतात. तिथल्या एका शिखराला सेला यांचे नाव आहे. या मोहिमांत त्यांनी लहान प्लेटांचे कॅमेरेही वापरले. या तिन्ही ठिकाणांबद्दल मी अजून बरेच लिहिले असते, पण मला भारताकडे यायची घाई आहे.

१८९९ च्या सप्टेंबरमध्ये सेला दार्जिलिंगहून निघाले. मोहिमेचे प्रमुख होते इंग्लंडचे डग्लस फ्रेशफील्ड. बरोबर सेला यांचे भाऊ एर्मिनियो, नकाशा काढण्यासाठी प्राध्यापक एडमंड गारवुड, आणि वाट माहीत असलेले, सर्वे ऑफ इंडियासाठी या भागात आधी फिरलेले रिंझिन नामग्याल. कांचनजंगा चढायचा हा बेतच नव्हता. त्याला पूर्ण प्रदक्षिणा घालायची, तीही बर्फाच्या जवळून, असा बेत होता. झेमू हिमनदीवर असताना त्यांना मोठ्या वादळाने गाठले. हे तेच वादळ, ज्यात दार्जिलिंगला दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. वर बर्फच बर्फ पडला. पायवाटा बुजल्या, चाल मंदावली, खिंड ओलांडणे कठीण झाले. तरीही ते जोन्सोंग खिंडीतून, सुमारे सहा हजार मीटरवरून, नेपाळच्या बाजूला उतरले आणि प्रदक्षिणा पुरी करून ऑक्टोबरअखेर परतले.

त्या मोहिमेतला सिनिओल्चूचा फोटो मी माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. सिनिओल्चू सिक्कीममध्ये आहे, ६८८८ मीटर. धारेवर नव्या बर्फाच्या पन्हळी पडलेल्या आहेत, हाताने विंचरल्यासारख्या, आणि टोक इतके बारीक की तिथे माणूस उभा राहील हे खरे वाटत नाही. पुढे १९३६ मध्ये जर्मन गिर्यारोहक तिथे उभे राहिले. ज्या बर्फाने मोहिमेची वाट अडवली त्याच बर्फाने शिखराला ते रूप दिले होते. सेला यांना नक्की काय वाटले हे मला ठाऊक नाही, पण त्यांनी कॅमेरा बाहेर काढला होता एवढे खरे.

दहा वर्षांनी, १९०९ मध्ये, ड्यूकची मोहीम के-टू शिखराकडे निघाली. सेला पन्नाशीला टेकले होते. मोहीम श्रीनगरहून झोजी ला ओलांडून द्रासमार्गे स्कर्दूला गेली. ही नावे आपल्याला पाठ आहेत, पण वेगळ्या कारणाने. मी ती वाचली तेव्हा अंगावर काटा आला. आपल्या सैनिकांची वाट आणि या कॅमेऱ्याची वाट काही अंतर एकच होती. स्कर्दूहून पुढे बाल्टोरो हिमनदी. तिथे नुसते दगड आणि बर्फ.

के-टूच्या आग्नेयेकडच्या ज्या सोंडेला आज अब्रुझ्झी सोंड म्हणतात, तिच्यावर ड्यूकने प्रयत्न केला आणि सहा हजार मीटरच्या थोडे वर जाऊन सोडून दिला. मग ते चोगोलिसा शिखरावर सुमारे साडेसात हजार मीटरपर्यंत पोहोचले. तेवढ्या उंचीवर तोवर कोणी गिर्यारोहक गेल्याची नोंद नव्हती. धुक्यामुळे माथा राहिलाच. म्हणजे या मोहिमेत शिखर एकही नाही. सेला मात्र आठवडेच्या आठवडे वेगवेगळ्या उतारांवर कॅमेरा घेऊन चढत-उतरत होते. बाल्टोरोचे सलग देखावे, के-टूच्या एकेका बाजूचे फोटो, शिवाय त्यांनी तिथे चलच्चित्रेही घेतली. हवा वाईट होती, ऊन मोजून मिळायचे. लायब्ररीत मी भिंगातून पाहिलेला तो काठीवाला माणूस याच मोहिमेतला.

हे फोटो पुढे डोंगरावर जाणाऱ्या कितीतरी लोकांनी अभ्यासले. कोणती घळ कुठे जाते, कोणत्या सोंडेवर तंबू लागेल, हे फोटोवर बोट ठेवून ठरवता येई, कारण फोटो कोपऱ्यापर्यंत स्पष्ट होते आणि उतार खोटा दाखवलेला नव्हता. १९५४ मध्ये के-टू पहिल्यांदा सर केला तो इटलीच्याच मोहिमेने आणि त्याच सोंडेवरून. आता विचार करा, एखाद्याने त्या सोंडेचा फोटो जरा तिरका काढला असता, माझ्यासारखा, जास्त शूर दिसावा म्हणून, आणि कोणी त्यावर विसंबून चढायला गेले असते तर?

म्हातारपणीही त्यांना स्वस्थ बसवेना. १९३५ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ते पुन्हा मॅटरहॉर्न चढायला निघाले. वाटेत एका वाटाड्याला अपघातात इजा झाली म्हणून परतावे लागले, नाहीतर ते गेलेच असते असे म्हणतात. १२ ऑगस्ट १९४३ रोजी, महायुद्ध चालू असताना, बिएलातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्लेटा आणि फोटो आजही बिएलातल्या सेला प्रतिष्ठानात जपून ठेवले आहेत. अमेरिकेचे प्रसिद्ध छायाचित्रकार अन्सेल ॲडम्स यांनी सेला यांचे फोटो पाहून फार आदराने लेख लिहिला होता. आज ॲडम्सना सगळे ओळखतात. सेला यांचे नाव घेतले की तांदूळ.

जानेवारीत आमचे दुसरे शिबिर झाले, त्याच कातळांवर. या वेळी मी आधी बडीशी बोललो. तो पुन्हा चढणार होता, आणि फोटो काढ असे त्याने स्वतःहून सांगितले. मी उस्तादांकडे गेलो आणि विचारले की मला खालून नको, शेजारच्या कातळावरून फोटो काढायचा आहे, त्याच्या उंचीवरून. उस्तादांनी आधी मला तो कातळ दोनदा चढायला लावले, हातात कॅमेरा न देता. मग वर दोन बोल्टना मला बांधले, कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या हार्नेसला बांधला, आणि माझ्या कॅराबिनरचा स्क्रू स्वतः तपासला. या सगळ्यात सकाळचे सव्वाआठ झाले. ऊन अजून तिरपे होते.

तिथून पाहिले तर खडकाची खरी उंची कळली. खाली बिले देणारा मुलगा, वर बोल्ट, मध्ये खडकात एक आडवी भेग. त्या भेगेपाशी बडीचे डोके येणार आणि तिथे त्याला क्षणभर थांबून पुढचा होल्ड शोधावा लागणार, हे मला माहीत होते, कारण तो मार्ग मीही चढलो होतो आणि तिथे मीही थांबलो होतो. मी ऑटोफोकस बंद केला. भेगेच्या कडेवर, जिथे त्याचा चेहरा येईल तिथे, पडदा मोठा करून हाताने फोकस लावला आणि मग त्या कड्याला हात लावायचा नाही असे ठरवले. छिद्र आठवर, शटर एका सेकंदाचा पाचशेवा भाग. चौकटीत त्याला उजव्या बाजूला ठेवले, कारण त्याला डावीकडे वर जायचे होते. बिले देणाऱ्याला खालच्या कोपऱ्यात घेतले. ती हिमनदीवरच्या ठिपक्यांची नक्कल आहे, कबूल करतो. मग वाट पाहिली. दहा मिनिटे तरी गेली असतील. माझे पाय सुन्न झाले होते.

तो भेगेपर्यंत आला. मी सहा फोटो काढले. त्यानंतर तो तिथेच थांबला. आम्ही सगळे वाट पाहत होतो, खालून कोणी ओरडले नाही. दोन वेळा त्याचा हात वर गेला आणि परत आला. मग त्याने उस्तादांकडे पाहून मान हलवली आणि दोरावर खाली उतरला. नोव्हेंबरात जो माथा त्याने गाठला होता तो या वेळी राहिला. मला फार वाईट वाटले. मला वाटले या वेळचाही फोटो वाया गेला, तांत्रिक कारणाने नाही तरी.

संध्याकाळी सहाही फोटो उघडले. तिसऱ्यात त्याचा चेहरा आहे. भुवया आक्रसलेल्या, गालाला खडकाची पांढरी धूळ, नजर वर डावीकडे एका बोटभर खाचेवर. भेगेतली त्याची बोटे ताणामुळे पांढरी पडलेली दिसतात. बडी बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने विचारले, त्या खाचेत आधी डावा हात घालायला हवा होता का. मी म्हटले, मी तरी डावाच घातला होता. त्याने तो फोटो रात्री वडिलांना पाठवला, आणि खाली लिहिले की इथपर्यंत.

तो फोटो या पानावर छापायला त्याने परवानगी दिली आहे, फक्त नावाशिवाय. संपादक सरांना माझी एकच विनंती आहे. पानात बसवताना फोटोची डावी बाजू रिकामी वाटेल, नुसता खडक आहे, पण कृपया ती कापू नये. ती खाच तिथेच आहे, आणि मार्चमध्ये आम्ही परत जाणार आहोत.